ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) नवीन आलात? भुलीच्या टेबलापाशी उभं राहण्याआधी हे वाचा

वॉर्डातून ओटीत बदली झाली त्या पहिल्याच सकाळी भूलतज्ज्ञ सर माझ्याकडे न बघताच म्हणाले, "सिस्टर, कफ." पेशंटच्या तोंडात श्वासाची ट्यूब, सरांच्या हातात लॅरिंगोस्कोप (घसा बघायचं दिव्याचं उपकरण). मी लगबगीनं सक्शनची नळी पुढे केली. वॉर्डात कफ म्हणजे कफ, दुसरं काय? सरांनी मान हलवली. मग मी बीपीचा कफ उचलला. शेवटी ओटीतल्या जुन्या मामांनी दहा सीसीची रिकामी सिरिंज माझ्या हातात कोंबली आणि ट्यूबच्या टोकाशी लोंबणाऱ्या निळ्या फुग्याकडे बोट दाखवलं. कफ म्हणजे ट्यूबचा फुगा, त्यात हवा भरायची होती.

त्याला आता सतरा वर्षं झाली. नर्सिंगच्या जीएनएम कोर्सला आम्हाला भुलीवर जे शिकवलं ते दोन-तीन तासांत संपलं होतं, आणि ओटीत कुणाला बसून शिकवायला वेळ नसतो. त्यामुळे नव्या मुली आणि ब्रदर तेच प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारतात. त्यांना सांगते ते इथे सकाळपासून संध्याकाळपर्यंतच्या क्रमानं लिहिते.

एक गोष्ट आधीच. आपल्याकडे भूल देणं हे भूलतज्ज्ञ डॉक्टरांचं काम आहे, आपलं नाही. भूलतज्ज्ञ बाहेर गेलेत आणि सर्जन म्हणतायत, "सिस्टर, पेशंट हलतोय, ती पांढरी सिरिंज दोन सीसी सोडा," तर नम्रपणे म्हणायचं, "सर, मॅडमना बोलावते." रागावतील, रागावू द्या. आपलं काम तयारी करणं, विचारणं, बघणं आणि दिसलं ते मोठ्यानं सांगणं. हे चार नीट जमले तर बरेच अपघात पेशंट आत येण्याआधीच टळतात.

१. आधी भुलीचे प्रकार समजून घ्या

पूर्ण भूल म्हणजे पेशंट बेशुद्ध, श्वास आपल्या ताब्यात. कमरेतली भूल म्हणजे स्पायनल किंवा एपिड्युरल, पेशंट जागा पण कमरेखाली बधिर. ब्लॉक म्हणजे हाताच्या किंवा पायाच्या नसांपाशी औषध. लोकल म्हणजे टाके घालायच्या जागेपुरतं. आणि गुंगी, म्हणजे शिरेतून थोडं औषध देऊन पेशंटला पेंगवायचं.

नवीन माणूस इथे एक चूक हमखास करतो. "आज फक्त स्पायनल आहे" म्हणून मशीन, सक्शन, ट्यूब यांच्याकडे बघतच नाही. स्पायनल चढत नाही, अर्धवट चढते किंवा गरजेपेक्षा वर चढते, आणि मग दोन मिनिटांत पूर्ण भूल द्यावी लागते. गुंगीची केस तर मला सगळ्यांत धोक्याची वाटते, कारण तिथे सगळेच निवांत असतात. केस कोणतीही असो, तयारी पूर्ण भुलीचीच.

२. सकाळी पहिल्या केसआधी: मशीन, गॅस, सक्शन

मशीन तपासण्याची जबाबदारी भूलतज्ज्ञांची, काही ठिकाणी टेक्निशियन मदतीला असतो. तरी खालच्या गोष्टी तुम्हाला स्वतः बघता आल्या पाहिजेत.

ऑक्सिजनचा सिलिंडर: आपल्याकडे काळं अंग आणि पांढरा खांदा. नायट्रस ऑक्साइडचा निळा. पण रंगावर विसंबू नका, लेबल वाचा. रंग उडालेले, धूळ बसलेले सिलिंडर मी पुष्कळ पाहिलेत. छोट्या सिलिंडरच्या मानेवर दोन भोकं असतात आणि मशीनच्या जोखडावर त्याच जागी दोन पिना. ऑक्सिजनच्या जागा २ आणि ५, नायट्रसच्या ३ आणि ५. चुकीचा सिलिंडर बसूच नये म्हणून ही सोय. बसत नसेल तर ठोकून बसवू नका आणि दोन वॉशर घालू नका. बसत नाही याचा अर्थच तो चुकीचा आहे.

भरलेल्या ऑक्सिजन सिलिंडरचा काटा साधारण २००० पीएसआय दाखवतो आणि गॅस संपत जाईल तसा खाली येतो. नायट्रसचं तसं नाही. तो आत द्रवरूपात असतो, त्यामुळे काटा ७५० च्या आसपास अडून बसतो आणि द्रव संपला की एकदम कोसळतो. काट्यावरून "अजून भरपूर आहे" असं नायट्रसच्या बाबतीत कधी म्हणू नका.

सिलिंडर उघडायची चावी मशीनलाच दोरीनं बांधलेली असावी. हे फार किरकोळ वाटतं. भर केसमध्ये गॅसच्या सेंट्रल पाइपलाइनचा दाब उतरला, राखीव सिलिंडर मशीनला जोडलेला होता, आणि चावी शेजारच्या ओटीत होती. हे माझ्यासमोर घडलंय. त्या वेळी अँबू बॅगनं (हातानं दाबून श्वास द्यायच्या पिशवीनं) वाचवलं. म्हणून मशीन कितीही नवं असलं तरी, फुगते, गळत नाही अशी अँबू बॅग आणि पेशंटच्या मापाचा मास्क मशीनला टांगलेला असलाच पाहिजे.

सक्शन चालू करून नळीचं तोंड अंगठ्यानं दाबा. काटा वर गेला पाहिजे आणि अंगठा खेचला गेला पाहिजे. नुसता आवाज येतोय म्हणजे ओढ आहे असं नाही.

सोडालाइमचा, म्हणजे मशीनमधल्या कार्बन डायऑक्साइड शोषणाऱ्या दाण्यांचा, रंग बघा. पांढरा असेल तर वापरून जांभळा होतो, गुलाबी असेल तर पांढरा. तुमच्याकडे कोणता येतो ते पाकिटावर वाचून ठेवा, नाहीतर संपलेला तुम्हाला ताजा वाटेल. व्हेपोरायझरचे (भुलीच्या द्रवाची वाफ करणाऱ्या भांड्याचे) रंग पाठ करा: आयसोफ्लुरेन जांभळा, सेवोफ्लुरेन पिवळा, हॅलोथेन लाल. बाटली आणि व्हेपोरायझर एकाच रंगाचे हवेत.

३. एअरवे ट्रॉली

ट्रॉलीवर हे सगळं असलं पाहिजे:

- दोन चालू लॅरिंगोस्कोप, मॅकिंटॉशचे ३ आणि ४ नंबरचे ब्लेड, जास्तीचे सेल
- ट्यूब: बायकांसाठी ७ आणि ७.५, पुरुषांसाठी ८ आणि ८.५, शिवाय प्रत्येकी अर्धा नंबर लहान
- स्टायलेट (ट्यूबच्या आतली तार), बूजी (ट्यूबला वाट दाखवणारी लांब कांडी), मॅगिल फोर्सेप्स (घशात जाणारा वाकडा चिमटा)
- तोंडातले एअरवे तीन मापांचे, एलएमए (घशात बसवायचा मास्क) ३ आणि ४
- दहा सीसीची सिरिंज. आता का ते तुम्हाला माहीत आहे.
- चिकटपट्टी कापून ठेवलेली, जेली, स्टेथोस्कोप

लॅरिंगोस्कोप उघडून दिवा लागला की बरेच जण पुढे जातात. बल्ब बोटानं घट्ट आहे का तेही बघा. सैल बल्ब पेशंटच्या घशात पडतो. ट्यूबचा फुगा पाकिटातूनच फुगवून, सोडून बघा. पण तीन ट्यूब फोडून ठेवू नका, एक फोडा आणि बाकी जवळ ठेवा.

लहान मुलांसाठी हिशोब सोपा: वय भागिले चार, अधिक चार. चार वर्षांच्या मुलाला पाच नंबरची बिनफुग्याची ट्यूब. फुग्याची असेल तर अर्धा नंबर कमी. हिशोब कितीही चोख केलात तरी अर्धा नंबर वरची आणि अर्धा नंबर खालची शेजारी हवीच, कारण पोरांचे गळे हिशोबानं वाढत नाहीत.

४. औषधं: इथे घाई नको

या भागावर मी नव्यांना जास्त वेळ बसवते.

सिरिंजला लेबल नसेल तर त्यातलं औषध फेकायचं. "मीच भरलंय, मला माहीत आहे" हे चालत नाही. पाण्यासारखी दिसणारी निदान दहा औषधं ओटीत असतात. लेबलं रंगीत मिळतात आणि रंगांना अर्थ आहे: झोपवणारी औषधं पिवळी, स्नायू सैल करणारी लाल, फेंटानिल-मॉर्फिन निळी, मिडाझोलाम नारिंगी, बीपी वाढवणारी जांभळी, अ‍ॅट्रोपिन-ग्लायको हिरवी, लोकल करड्या रंगाची. तयार लेबलं मिळत नसतील तर चिकटपट्टी आणि मार्कर. नाव लिहा, एका सीसीत किती ते लिहा, वेळ लिहा. आधी लेबल चिकटवा आणि मग भरा, ही माझी सवय.

डॉक्टर औषध सांगतील तेव्हा अँप्युल त्यांच्या डोळ्यांसमोर धरून नाव, ताकद आणि तारीख मोठ्यानं वाचा. ऐकलं ते परत म्हणा. "अ‍ॅट्रोपिन" आणि "अ‍ॅट्राक्युरियम" मास्कमधून किती सारखे ऐकू येतात ते एकदा घरी म्हणून बघा. पहिल्यानं नाडी वाढते, दुसऱ्यानं श्वास थांबतो.

ट्रॅनेक्सामिक अ‍ॅसिड आणि स्पायनलचं बुपिव्हाकेन, ज्याला आपण नुसतं "हेवी" म्हणतो, यांची अदलाबदल ही जगभर नोंदवली गेलेली चूक आहे. ट्रॅनेक्सा कमरेतून गेलं तर झटके येतात, जीवही जातो. जागतिक आरोग्य संघटनेनं यावर खास इशारा दिलेला आहे. दोन्ही अँप्युल काही कंपन्यांच्या अगदी जुळ्या बहिणींसारख्या दिसतात. उपाय साधा: ट्रॅनेक्सा स्पायनलच्या ट्रॉलीवर ठेवायचंच नाही. त्याचं कपाट वेगळं, आणि स्पायनल होऊन गेल्यावरच ते बाहेर काढायचं. पोटॅशियम क्लोराइडलाही हाच नियम.

अ‍ॅड्रेनलिनच्या एका अँप्युलमध्ये एक मिलीत एक मिलिग्रॅम असतं. ते दहा सीसी केलं की एका सीसीत १०० मायक्रोग्रॅम. त्यातलं एक सीसी घेऊन पुन्हा दहा केलं की १० मायक्रोग्रॅम. दोन्ही सिरिंजा शेजारी असतील तर गोंधळ होतो, म्हणून लेबलवर "एका सीसीत एवढं" हेच लिहा. "डायल्यूट केलेलं" असं लिहिण्याला काही अर्थ नाही.

स्नायू सैल करणारी सक्सिनिलकोलीन आणि अ‍ॅट्राक्युरियम फ्रिजमध्ये, २ ते ८ अंशांत. रात्री वीज गेली असेल तर सकाळी फ्रिजचं तापमान बघा. व्हेक्युरोनियम पावडर असते, बाहेर चालते. प्रोपोफोल दुधासारखं दिसतं आणि दुधासारखंच नासतं, त्यात जंतू भराभर वाढतात. उरलेली व्हायल पुढच्या पेशंटला वापरू नका, कितीही महाग असली तरी.

फेंटानिल, मॉर्फिन कुलपात. रजिस्टरमध्ये पेशंटचं नाव, किती काढलं, किती दिलं, किती फेकलं, दोन सह्या. रिकामी अँप्युल मोजून परत. "नंतर लिहिते" म्हणून राहिलेल्या नोंदीपायी दोन दिवस चौकशीला बसलेली माझी एक मैत्रीण आहे. चोरी झाली नव्हती. नोंद झाली नव्हती, एवढंच.

५. पेशंट आत घेण्याआधी

आषाढीच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. साठीच्या आजी, हर्नियाची केस. मी विचारलं, "आजी, उपाशी आहात ना?" "हो गं बाई, कालपासून कडक." फाइलवर मी लिहिणार तेवढ्यात त्यांची सून म्हणाली, "सकाळी थोडी साबुदाण्याची खिचडी दिली, गोळी घ्यायची होती ना." आजींच्या लेखी ते उपाशीच होतं. खिचडी उपासाची! केस दुपारवर गेली.

तेव्हापासून मी "उपाशी आहात का" असं विचारत नाही. "शेवटचं काय खाल्लं, किती वाजता? चहा? दूध? गोळी कशाबरोबर घेतली?" असं विचारते. ठरलेले तास असे: तळलेलं, मटण, भरपेट जेवण ८ तास, हलकं खाणं आणि दूध ६ तास, आईचं दूध ४ तास, साधं पाणी २ तास. दुधाचा चहा हा पाण्यात मोडत नाही, तो दुधात धरायचा. "फक्त घोटभर चहा" हे वाक्य तुम्ही आठवड्यातून तीनदा ऐकाल. आणि उलट बाजूही बघा: लहान लेकराला आदल्या रात्रीपासून पाण्याचा थेंब न देता दुपारी दोनपर्यंत रडवत ठेवणं हीसुद्धा चूकच. यादीत पोरं पहिली घ्यायला सांगा.

पोटात अन्न असताना भूल दिली तर ते उलटून फुप्फुसात जाऊ शकतं. नातेवाईकांना हे याच शब्दांत सांगा, मग ते खरं बोलतात. "नियम आहे" म्हटलं की लपवतात.

सोबत हे कागद हवेत:

- पेशंटच्या मनगटावरची पट्टी आणि केसपेपर, दोन्हींवर एकच नाव आणि नंबर
- ऑपरेशनची संमती आणि भुलीची वेगळी संमती, पेशंटला कळणाऱ्या भाषेत. अंगठा असेल तर साक्षीदाराची सही, अठराच्या आतला असेल तर पालकांची.
- भूलतज्ज्ञांची तपासणी झाल्याची नोंद
- रक्ताचे रिपोर्ट, ईसीजी, सांगितला असेल तर एक्स-रे
- रक्तगट, आणि रक्त लागणार असेल तर पेढीत पिशवी राखून ठेवल्याची चिठ्ठी
- चालू औषधांची यादी: बीपी, शुगर, रक्त पातळ करणारी गोळी शेवटची कधी घेतली
- वजन. अंदाजे नको, काट्यावरचं.

मग तोंड. कवळी काढली का, एखादा दात हलतो का. गुटखा, तंबाखू खाणाऱ्यांना स्वतःची तीन बोटं उभी तोंडात घालायला सांगा. दोनसुद्धा जात नसतील तर लगेच भूलतज्ज्ञांना कळवा, ट्यूब घालणं अवघड जाणार आहे. बायकांना "तंबाखू खाता का" विचारलं की "नाही" म्हणतात. "मिश्री लावता का" विचारा. सकाळी लावून आलेल्या असतात.

दागिने काढायला सांगताना जपून. धातू अंगावर राहिला तर कॉटरीनं (रक्त थांबवायच्या विजेच्या उपकरणानं) भाजू शकतं, सुजलेल्या बोटातली अंगठी रुतते, हे खरं. पण मंगळसूत्र "काढा" म्हटलं की कित्येक बायका रडवेल्या होतात. मी त्यांच्या नवऱ्याला किंवा सासूला आत बोलावून त्यांच्या हातात द्यायला लावते आणि यादीवर सही घेते. जोडवी निघतच नसतील तर भूलतज्ज्ञ आणि सर्जन दोघांना सांगा आणि पट्टीनं नीट झाका. नेलपॉलिश निदान एका बोटाचं तरी पुसा, बोटाला लावायचा ऑक्सिजनचा चिमटा चुकू शकतो.

शेवटी चेकलिस्ट. जागतिक आरोग्य संघटनेची यादी २००८ ची आहे. तिचे तीन टप्पे: भूल देण्याआधी, चिरा देण्याआधी, पेशंट बाहेर नेण्याआधी. बऱ्याच ठिकाणी तिन्ही टप्प्यांच्या खुणा केस संपल्यावर चहा पिता पिता होतात. असं करू नका. पहिला टप्पा पेशंट जागा असताना, त्याच्याच तोंडून: "तुमचं नाव काय? कशाचं ऑपरेशन? कोणत्या बाजूचं?" नाव तुम्ही घेऊन "बरोबर ना?" विचारू नका. घाबरलेला माणूस कशालाही हो म्हणतो.

६. पूर्ण भूल देताना

पेशंटच्या उजव्या हाताला, डोक्याजवळ उभ्या राहा. ट्यूब पक्की होईपर्यंत जागा सोडायची नाही. फोन वाजला, सर्जननं काही मागितलं, तरी नाही. या वेळी ओटीत गप्पा चालू असतील तर "दोन मिनिटं शांत" म्हणायचा हक्क तुम्हाला आहे.

आधी तीन मिनिटं मास्कमधून ऑक्सिजन. मग औषधं. सक्शन चालू स्थितीत, तुमच्या हाताशी, उशीच्या खाली खोचलेलं.

पोट भरलेलं असण्याची शक्यता असेल तर गळ्यावर दाब द्यायला सांगतात. कंठाच्या उंचवट्याखाली पहिली कडक कडी लागते ती क्रिकॉइड. पेशंट झोपल्यावर साधारण तीन किलोचा दाब लागतो. तीन किलो म्हणजे किती हे कळण्यासाठी वजनकाट्यावर तीन बोटांनी दाबून सराव करा, मी नव्या मुलींकडून करून घेते. डॉक्टर "सोडा" म्हणेपर्यंत सोडायचं नाही, "झालं" म्हटलं तरी विचारा, "सोडू?"

ट्यूब गेली का याचा भरवशाचा पुरावा म्हणजे मॉनिटरवर श्वासागणिक उठणारी कार्बन डायऑक्साइडची रेघ. नेहमीचा आकडा ३५ ते ४५. रेघच नाही तर ट्यूब अन्ननलिकेत आहे असं धरून चालतात. ट्यूब किती सेंटिमीटरवर बांधली ते लिहा, बायकांना साधारण २१, पुरुषांना २३.

७. कमरेत इंजेक्शन देताना

इथे तुम्ही पेशंटच्या समोर असता आणि डॉक्टर पाठीमागे, त्यामुळे पेशंटचा चेहरा फक्त तुम्हाला दिसतो. पाय टेबलाखाली सोडून, स्टुलावर टेकवून, उशी पोटाशी धरून बसवा. "पाठ वाकवा" म्हटलं की लोक कमरेतून पुढे झुकतात. "हनुवटी छातीला लावा आणि रुसून बसलेल्या मांजरीसारखी पाठ मागे फुगवा" म्हटलं की बरोबर जमतं. खांदे धरा. कळ येणाऱ्या बाळंतिणीला कळ कधी येतेय ते सांगायला सांगा आणि तुम्ही ते डॉक्टरांना सांगा.

पाठीवर लावलेलं स्पिरिटचं औषध पूर्ण वाळलं पाहिजे. ऑपरेशनच्या जागेवरही तसंच, ओलं असताना कॉटरी चालवली तर पेट घेतं.

औषध गेलं की आडवं करा आणि बीपी दर दोन-तीन मिनिटांनी. पेशंट "मळमळतंय" म्हणाला की ट्रे शोधायला धावू नका, आधी बीपी बघा. बहुतेक वेळा ते खाली आलेलं असतं. सिझेरियनच्या बाईला उजव्या कुल्ल्याखाली पाचर द्या म्हणजे गर्भाशयाचं वजन मोठ्या शिरेवर पडत नाही. "हात जड झाले", "बोलता येत नाही", "दम लागतोय" यातलं काहीही ऐकलंत तर औषध वर चढतंय. ओरडून सांगा.

८. केस चालू असताना

डोळ्यांना पट्टी, कोपरांखाली पॅड, हात नव्वद अंशांपेक्षा जास्त पसरायचा नाही. टुर्निके (रक्त अडवायला हाता-पायावर आवळायचा पट्टा) लावल्याची वेळ फळ्यावर. अंग झाका, विशेषतः लहान मुलं आणि म्हातारी माणसं. सर्जनला उकडतंय म्हणून एसी सोळावर नको.

कान मॉनिटरवर ठेवा. ऑक्सिजन उतरला की बीपचा सूरही उतरतो, महिन्याभरात तो पाठमोऱ्या असतानाही कळायला लागतो. अलार्मचा आवाज बंद करू नका. बीपीचा कफ आणि बोटाचा चिमटा एकाच हाताला लावला की दर वेळी कफ फुगताना ऑक्सिजन पडल्यासारखा दिसतो आणि सगळे उगाच दचकतात.

सर्जन लोकल टोचत असतील तर किती गेलं त्याची बेरीज तुम्ही ठेवा. दोन टक्के लिग्नोकेनच्या एका सीसीत २० मिलिग्रॅम. अ‍ॅड्रेनलिनसह जास्तीत जास्त किलोमागे ७ मिलिग्रॅम, म्हणजे पन्नास किलोच्या माणसाला साडेसतरा सीसी. अ‍ॅड्रेनलिन नसेल तर बरंच कमी. पंधराच्या पुढे गेलं की मोठ्यानं आकडा सांगा.

९. जाग येताना

केस संपली की सगळे ग्लोव्हज काढून पांगतात. तुम्ही पांगू नका. जाग येणं हे झोपण्याइतकंच नाजूक असतं. घशात पॅक (गॉजची पट्टी) घातलेला असेल तर तो निघाला का हे विचारा, फळ्यावर "घशात पॅक" असं लिहिलेलं असलं पाहिजे आणि निघाल्यावरच पुसायचं. सक्शन पुन्हा हातात. ट्यूब निघताना पेशंटला हलवू नका, खरकन ट्रॉली ओढू नका. अर्धवट जागेपणी, विशेषतः पोरांमध्ये, घसा आवळून बंद होतो. छाती हलतेय पण हवा जात नाही, असं दिसतं. मास्क आणि ऑक्सिजन तयार हवा, सक्सिनिलकोलीन हाताशी हवं.

आणि सलाइनच्या सुईत उरलेलं औषध! सुईच्या पोकळीत स्नायू सैल करणारं औषध थोडं शिल्लक राहतं. वॉर्डात कुणी अँटिबायोटिक सोडलं की ते आत ढकललं जातं आणि पेशंटचा श्वास मंदावतो किंवा थांबतो. बाहेर नेण्याआधी सगळ्या नळ्या धुऊन काढा आणि "फ्लश केलं" असं लिहा.

१०. रिकव्हरी

रिकव्हरीत नेतानाही ऑक्सिजन चालू. पूर्ण शुद्धीवर नसेल तर कुशीवर. हालचाल, श्वास, बीपी, शुद्ध आणि ऑक्सिजन या पाचांना प्रत्येकी दोन गुण, दहापैकी नऊ झाले की वॉर्डात पाठवायचा विचार. "मान उचलून पाच आकडे मोजा" हे साधं काम जमत नसेल तर औषधाचा असर पूर्ण उतरलेला नाही. वॉर्डच्या सिस्टरला तोंडी सांगा आणि लिहूनही द्या: कोणती भूल, शेवटचं दुखण्याचं औषध किती वाजता, लघवी झाली का, पाणी कधी द्यायचं. नातेवाईक नारळपाणी घेऊन दारात उभेच असतात.

११. अडचण आली तर

तिथेच थांबा, मदतीला दुसऱ्याला पाठवा, आणि एका माणसानं घड्याळ आणि कागद घ्यावा. नवीन असाल तर तो माणूस तुम्हीच व्हा, फार मोठी मदत होते.

अंगावर गांधी, बीपी कोसळलं, छाती आवळली: औषधाची अ‍ॅलर्जी. अ‍ॅड्रेनलिन काढा. मोठ्या माणसाला मांडीत अर्धा मिलिग्रॅम, शिरेतून द्यायचं तर डोस भूलतज्ज्ञच ठरवतील.

ब्लॉक किंवा लोकलनंतर ओठांना मुंग्या, तोंडात धातूची चव, बडबड, मग झटके: लोकल रक्तात गेलंय. वीस टक्के लिपिडची (शिरेतून द्यायच्या स्निग्ध द्रवाची) बाटली कुठे ठेवली आहे ते आजच शोधा. पहिला डोस किलोमागे दीड सीसी.

जबडा ताठ, कार्बन डायऑक्साइड चढत चाललाय, अंग तापतंय: मॅलिग्नंट हायपरथर्मिया, म्हणजे भुलीच्या काही औषधांनी शरीर जिवावर बेतेल इतकं तापणं. क्वचित होतं, पण डँट्रोलिन लागतं, किलोमागे अडीच मिलिग्रॅम. वीस मिलिग्रॅमच्या एका व्हायलमध्ये साठ सीसी डिस्टिल्ड वॉटर घालून हलवत बसावं लागतं, आणि साठ किलोच्या माणसाला अशा आठ लागतात. म्हणून सगळे हात कामाला लागतात. तुमच्याकडे ते आहे का, नसेल तर जवळ कुठे मिळेल, हे इन्चार्जना विचारून नंबर फ्रिजवर चिकटवा.

१२. संध्याकाळी निघताना

सिलिंडर बंद, फ्लोमीटर शून्यावर. रात्रभर ऑक्सिजन वाहत राहिला तर सोडालाइम कोरडा पडतो. भरलेल्या सगळ्या सिरिंजा फेका, "इमर्जन्सीसाठी" म्हणून कालची अ‍ॅट्रोपिन ठेवू नका, सकाळी नवी भरा. लॅरिंगोस्कोपचे ब्लेड धुऊन, निर्जंतुक करून, कोरडे. मॉनिटर आणि सिरिंज पंप चार्जिंगला, बटण चालू आहे ना ते बघून. कुलपातल्या औषधांची मोजणी रात्रपाळीच्या सिस्टरसमोर करा, दोघींच्या सह्या घ्या आणि चावी हातात द्या, टेबलावर ठेवून निघू नका.